खातिनचे सव्वीस उंबरे

गाव केवढे हे सांगताना आपण उंबरे मोजतो. बेलारूसमधील खातिन हे सव्वीस उंबऱ्यांचे गाव राजधानी मिन्स्कच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरांवर रानात वसले होते. २२ मार्च १९४३ रोजी ते नाहीसे झाले. आज तेथे स्मारक आहे. ते पाहावे कसे, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

त्या सकाळी जवळच्या रस्त्यावर गनिमांनी जर्मनांच्या पोलीस तुकडीवर हल्ला केला. त्यात १९३६च्या ऑलिंपिकमधील गोळाफेकीचा विजेता हान्स व्योल्के मारला गेला. सूड म्हणून खातिनच्या लोकांना एका कोठारात कोंडून आग लावण्यात आली. बाहेर धावणारांवर गोळ्या झाडल्या. १४९ माणसे मेली. त्यांत ७५ मुले.

त्या मुलुखात घरे ओंडक्यांची, चूल मात्र विटांची. घर जळाले की धुराडे तेवढे मागे उभे राही. १९६९ साली खुल्या झालेल्या स्मारकाच्या रचनेचे मर्म यात आहे. प्रत्येक घराच्या जागी धुराड्यासारखा स्तंभ, पुढे उघडे फाटक, आणि स्तंभावर त्या घरच्या माणसांची नावे. माथ्यावरची घंटा दर अर्ध्या मिनिटाला वाजते. मध्यभागी आगीतून वाचलेला लोहार योसिफ कामिन्स्की मुलाचे प्रेत हातांवर घेऊन उभा आहे. शेजारी, पुन्हा न वसलेल्या आणखी १८५ गावांची माती जपलेली आहे.

परंतु दगड सर्व काही सांगत नाही. जाळणारांत जर्मन तर होतेच. पण ११८व्या पोलीस बटालियनमध्ये व्यापलेल्या युक्रेनमधून भरती केलेले पुष्कळ होते. तिचा एक प्रमुख अधिकारी ग्रिगोरी वास्युरा याच्यावर १९८६ साली मिन्स्क येथे खटला चालला. तो लोकांपासून जवळजवळ दडविण्यात आला. सोव्हिएत प्रजेतील माणसांनीच सोव्हिएत गाव जाळले, हे सांगणे राज्यकर्त्यांस अवघड होते.

म्हणून तेथे जाणाऱ्याने दोन गोष्टी कराव्यात, असे आम्हांस वाटते. १४९ हा आकडा बाजूस ठेवून एकेका फाटकातून आत जावे आणि नावे वाचावीत. आणि मारणारे कोण होते, तेही विचारावे. ते त्या स्तंभांवर लिहिलेले नाही.