तारीख मागणारे निवेदन

पावसाळ्याच्या अखेरीस एका संध्याकाळी आमच्या अर्जुनी मोरगावच्या घरी एक जुना विद्यार्थी आला. माझ्या तासाला बसून वहीच्या मागच्या पानावर विजेच्या आकृत्या काढणारा हा मुलगा मला चांगला आठवत होता. आज त्याच्या हातात कागदांची फाइल होती. "सर," तो म्हणाला, "खासदारांना निवेदन द्यायचं हाय. तुमची मराठी बरी, तुम्हीच लिहून द्या जी."

प्रकरण हौशी रेडिओचे होते. हौशी रेडिओ म्हणजे नुसते आकाशवाणी ऐकणे नव्हे. घरातले एक यंत्र आणि अंगणात ताणलेली एक तार, एवढ्या सामग्रीवर दूरदूरच्या हौशी मंडळींशी थेट बोलायचे, असा हा छंद. या मंडळींना जगभर 'हॅम' म्हणतात. आपल्याकडे 12 वर्षे पुरी झालेल्या कुणालाही सरकारी परीक्षा देऊन परवाना मागता येतो. या मुलाने परीक्षा दिली, तीत तो उत्तीर्ण झाला, अर्जही केला. पुढे कागद कुठे अडला हे त्याला कळेना.

"अहो, खिशात मोबाइल असताना ही उठाठेव कशाला?" चहा घेऊन आलेल्या सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न रास्त होता. मुलाने नवेगावबांधच्या जंगलाकडे बोट दाखवले. वादळात वीज गेली, मनोरा बंद पडला, की मोबाइल मुका होतो. हॅमचे यंत्र मात्र मोटारीच्या बॅटरीवर चालते. 1999 चे ओरिसातले चक्रीवादळ आणि 2001 चा भूजचा भूकंप, दोन्ही वेळी हॅम मंडळी निरोप पोचवण्याच्या कामी आली होती.

मी उत्साहाने लेखणी उचलली. विज्ञानयुग, तरुणांची जिज्ञासा, राष्ट्राची सेवा, सगळे दोन पानांत बसवले. मुलाने ते आदराने वाचले आणि हळूच विचारले, "सर, पण यात मागितलं काय?"

मी निरुत्तर झालो. मग त्याची फाइल चाळू लागलो, आणि परवान्याबाबत सरकार इतके सावध का, हे थोडे उमगले. 1939 साली महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हौशी परवाने रद्द केले आणि यंत्रे जमा करण्याचा हुकूम काढला. मुंबईचे हॅम नरिमन प्रिंटर यांनी मात्र आपल्या यंत्राचे भाग सोडवून ठेवले. 1942 च्या 'चले जाव' चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्याचे यंत्र उभारण्यात याच प्रिंटर यांचा हात होता. परक्या सरकारची भीती खरीच होती म्हणायची! स्वराज्यातही चौकशी असावी, याबद्दल वाद नाही. पण चौकशीला काही मुदत?

त्याच फाइलीत अंदमानची हकीकत होती. तेथे हौशी रेडिओला 1987 नंतर परवानगी मिळत नव्हती. भारती प्रसाद या हॅम बाईंनी वर्षानुवर्षे दिल्लीचा पाठपुरावा केला. अखेर 2004 च्या डिसेंबरात परवानगी घेऊन त्या पोर्ट ब्लेअरला पोचल्या. 26 तारखेच्या सकाळी भूकंप झाला आणि मागोमाग त्सुनामी आली. बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला असताना त्यांचे यंत्र बोलत राहिले आणि लोकांच्या खुशालीचे निरोप जाऊ लागले. ती परवानगी आणखी एक महिना रेंगाळली असती तर? या प्रश्नाने मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

दिरंगाई आपल्याच नशिबी आहे असेही नाही. अमेरिकेत हौशी रेडिओवर संगणकी संदेश धाडण्याच्या वेगाला 1980 पासून जुनी मर्यादा होती. ती उठवावी म्हणून तिथल्या हॅम संघटनेने 2013 साली अर्ज केला. 2022 मध्ये डेबी लेस्को या लोकप्रतिनिधींनी संसदेत विधेयकच मांडले, आणि मर्यादा उठली ती 2023 च्या नोव्हेंबरात. आपल्याकडे 1984 साली राजीव गांधींनी बिनतारी यंत्रांवरचे आयातशुल्क माफ केले. ते स्वतः हॅम होते. पण प्रत्येक वेळी हॅम पंतप्रधान कोठून आणायचा?

म्हणूनच लोकप्रतिनिधींचे दार ठोठवायचे. बिनतारी संदेशवहन हा राज्यघटनेने केंद्राकडे दिलेला विषय आहे. तेव्हा आमदारांकडे जाऊन भागत नाही, आमच्या भंडारा-गोंदिया मतदारसंघाच्या खासदारांकडेच जायला हवे. खासदार लोकसभेत प्रश्न विचारू शकतात, मंत्र्यांना पत्र लिहू शकतात. 2023 च्या डिसेंबरात नवा दूरसंचार कायदा संसदेने संमत केला आहे. अशा कायद्याखालचे नियम संसदेपुढे ठेवावे लागतात, तेव्हाही बोलायला जागा असते.

पण मागायचे काय? हे कोडे आमच्या स्वयंपाकघरात सुटले. "सिलिंडर लवकर पाठवा म्हटलं तर कुणी पाठवत नाही," सौभाग्यवती म्हणाल्या, "कुठल्या वारी पाठवता, असं विचारावं लागतं!"

मी दोन पाने फाडली आणि अर्धे पान लिहिले. अर्जाचा क्रमांक, अर्जाची तारीख आणि तीन मागण्या: परवान्याच्या निर्णयाला नियमातच मुदत असावी, मुदतीत निर्णय झाला नाही तर कारण लेखी कळवावे, नकार द्यायचा तर तोही वेळेवर द्यावा. परवाना द्याच, असे त्यात कुठेही म्हटले नाही. कृपा मागणाऱ्याला ताटकळावे लागते. मुदत मागणे हा नागरिकाचा हक्क आहे. वीस वर्षे मुलांना निबंध शिकवताना ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

चार दिवसांनी मुलगा आला तो हसतच. निवेदनाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून मिळाला होता. उत्तर अजून यायचे आहे. पण शिक्क्यात दिवस, महिना, वर्ष स्पष्ट उमटले होते. "सर," तो म्हणाला, "एक तारीख तर भेटली जी!"