विश्लेषण : वाळूत धावणाऱ्या ‘स्पोर्ट क्वाड’च्या इंजिनात कोणते बदल करावेत?

चार रुंद चाके, मोटरसायकलसारखा हँडलबार आणि एकाच चालकासाठी आसन असलेली ‘स्पोर्ट क्वाड’ ही गाडी आखाती देशांपासून अमेरिकेतील कॅलिफोर्नियापर्यंत वाळूच्या टेकड्यांवर लोकप्रिय आहे. दुबई-हट्टा रस्त्यावरील ‘बिग रेड’ टेकडीवर भाड्याच्या क्वाडची फेरी मारणाऱ्यांत मराठी पर्यटक आणि तेथे स्थायिक झालेली मराठी मंडळीही असतात. या छंदात मुरलेले काही जण स्वतःची गाडी घेतात आणि मग प्रश्न येतो इंजिनाची ताकद वाढवण्याचा. मोठा पिस्टन, कॅमशाफ्ट, सायलेन्सर, टर्बो असे अनेक पर्याय बाजारात आहेत. मात्र चुकीच्या क्रमाने केलेला खर्च वाया जातो आणि भर वाळवंटात इंजिन बंद पडण्याची जोखीमही वाढते. ही निवड कशी करावी, याविषयी…

वाळूत इंजिनावर जास्त ताण का येतो?

डांबरी रस्त्यावर एकदा वेग पकडला की तो टिकवायला इंजिनाची थोडीच ताकद लागते. वाळूत चाके सतत रुततात आणि वाळू ढकलत पुढे जातात. थ्रॉटल सोडताच ब्रेक लावल्यासारखा वेग पडतो. त्यामुळे चढावर इंजिन बराच वेळ पूर्ण थ्रॉटलवर, पूर्ण भाराखाली चालते. गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटली, तरी वरचा गिअर इंजिनाला पेलवेनासा होतो. म्हणूनच येथे माहितीपत्रकातील कमाल अश्वशक्तीपेक्षा मधल्या फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क आणि इंजिन तापल्यावरही तो टिकणे महत्त्वाचे ठरते. त्यात हवामानाची भर पडते. १५ अंश सेल्सियसच्या तुलनेत ४० अंशांना हवेची घनता सुमारे आठ टक्के कमी असते. तेवढा प्राणवायू कमी मिळतो आणि जवळपास तेवढीच ताकदही घटते.

आधी गाडीचा प्रकार का पाहावा?

‘यामाहा रॅप्टर ७००’चे इंजिन एका सिलिंडरचे, ६८६ सीसीचे आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास १०२ मिलिमीटर, तर पिस्टनचा स्ट्रोक ८४ मिलिमीटर. आकारमान मोठे असल्याने कमी फेऱ्यांवरही ते चांगले ओढते. डकार रॅलीत २००९ ते २०२४ या काळात क्वाडचा स्वतंत्र गट होता आणि २०२४ मध्ये त्यात विजयी ठरलेला अर्जेंटिनाचा मॅन्युएल अंदुहार याच गाडीवर होता. याउलट ‘वायएफझेड ४५०आर’चे इंजिन ४४९ सीसीचे असून त्याचा स्ट्रोक अवघा ६३.४ मिलिमीटर आहे. ते जास्त फेऱ्यांवर खुलते. जुनी ‘यामाहा बॅन्शी’ ३४७ सीसीची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक गाडी. अमेरिकेत तिची विक्री २००६च्या मॉडेलनंतर थांबली, तरी वाळूच्या शौकिनांत ती आजही टिकून आहे. तिची ताकद फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यात एकदम येते. त्यामुळे एका गाडीला लागू पडलेला बदल दुसरीलाही लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही.

सुरुवात इंजिनाबाहेरून का करावी?

इंजिनाने तयार केलेली ताकद चाकांतून वाळूत उतरली नाही, तर ती वाढवून उपयोग नाही. म्हणून पहिला खर्च मागच्या ‘पॅडल’ टायरचा. त्यांवर आडव्या उभट पट्ट्या असतात आणि त्या वल्ह्यासारखी वाळू मागे लोटतात. पट्ट्या जास्त असल्या की पकड वाढते, पण इंजिनावरचा भारही वाढतो. त्यामुळे ४५० सीसीच्या मूळ इंजिनाला जड, भरपूर पट्ट्यांचे टायर लावले की गाडी वेगवान होण्याऐवजी गुदमरते.

यानंतर येते स्प्रॉकेट. पुढचे स्प्रॉकेट १४ ऐवजी १३ दात्यांचे लावले, तर चाकावरची ओढ सुमारे पावणेआठ टक्क्यांनी वाढते. त्या बदल्यात प्रत्येक गिअरमधील कमाल वेग सुमारे सात टक्के घटतो. आता याची तुलना इंजिन उघडून केलेल्या बदलाशी करून पाहू. रॅप्टरला १०२ ऐवजी १०५.५ मिलिमीटरचा पिस्टन बसवला की आकारमान ७३४ सीसी होते, म्हणजे सात टक्के वाढते. टॉर्कमधील वाढही साधारण तेवढीच अपेक्षित धरता येते. स्प्रॉकेटने इंजिनाची ताकद वाढत नाही, फक्त ओढ वाढते, हा फरक खरा. पण चढावर गाडी दम सोडते, एवढीच तक्रार असेल तर तिच्यावर आधी स्वस्त उपाय करून पाहणे शहाणपणाचे. शिवाय मोठ्या पिस्टनने मिळवलेले सात टक्के ४० अंशांच्या दुपारी हवाच हिरावून घेते, हेही लक्षात ठेवावे.

एअर फिल्टरकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते?

वाळूतील क्वार्ट्झचे कण पोलादालाही ओरखडे पाडू शकतात. ते हवेबरोबर आत गेले की पिस्टन रिंग, सिलिंडर आणि व्हॉल्व्हच्या बैठकी झिजतात. ताकद वाढवण्यासाठी अनेक जण एअरबॉक्सचे झाकण काढतात. त्याने हवा जास्त मिळते, पण वाळूही जास्त येते. झाकण काढायचेच असेल, तर फोमच्या फिल्टरला योग्य तेल लावणे, त्यावर बारीक जाळीचे आवरण चढवणे आणि फिल्टरच्या कडेला ग्रीस लावून फट बंद करणे आवश्यक ठरते. दिवसभराच्या फेरीनंतर फिल्टरच्या आतल्या बाजूच्या नळीत बोट फिरवून पाहावे. बोटाला वाळू लागली, तर इंजिनावरचा पुढचा सगळा खर्च धोक्यात आहे.

सायलेन्सर बदलला की काम संपते का?

नाही. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते. मात्र पूर्ण भाराखाली इंजिनाला साधारण १२.५ ते १३ असे पेट्रोलने समृद्ध मिश्रण मानवते. सायलेन्सर आणि हवेचा मार्ग मोकळा केला की हवा वाढते. पेट्रोल मूळच्याच प्रमाणात राहिले, तर मिश्रण ‘लीन’ होते आणि तापमान चढते. रस्त्यावर हे काही काळ खपून जाते. वाळूच्या लांब चढावर मात्र पिस्टनला छिद्र पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूचे ट्यूनिंग किंवा स्वतंत्र फ्युएल कंट्रोलर आणि कार्ब्युरेटरच्या गाडीत योग्य जेट हा त्याच खर्चाचा भाग मानला पाहिजे.

आवाजाचाही मुद्दा आहे. कॅलिफोर्नियात १९८६ नंतर बनलेल्या अशा वाहनांना ९६ डेसिबलची मर्यादा आहे. सायलेन्सरच्या तोंडापासून २० इंचांवर हा आवाज मोजतात. ठिणग्या अडवणारी जाळीही सायलेन्सरमध्ये लागते. ज्या भागात गाडी चालवायची, तेथील नियम खरेदीपूर्वीच पाहावेत.

कॅमशाफ्ट की हाय कम्प्रेशन पिस्टन?

व्हॉल्व्ह किती उघडतात आणि किती वेळ उघडे राहतात, हे कॅमशाफ्ट ठरवते. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम जास्त फेऱ्यांवर ताकद देतो, पण खालच्या फेऱ्यांवर ती कमी करतो. कारण हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा बंद झाला की पिस्टन वर येताना काही मिश्रण परत ढकलले जाते आणि प्रत्यक्ष दाब घटतो. हाय कम्प्रेशन पिस्टन ही उणीव भरून काढतो. म्हणूनच कॅम आणि पिस्टन जोडीने निवडायचे असतात. वाळूच्या टेकड्यांत सर्वसाधारण फिरणाऱ्याला मधल्या फेऱ्यांवर ताकद देणारा सौम्य कॅम सोयीचा. शर्यतीचा कॅम सरळ चढावर पूर्ण थ्रॉटलने जाणाऱ्यासाठी असतो. नव्या कॅमसोबत व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलाव्या लागतील का आणि व्हॉल्व्ह-पिस्टनमध्ये पुरेसे अंतर राहते का, हे जोडणीपूर्वी तपासावे लागते.

ऑक्टेन क्रमांक निर्णायक का ठरतो?

कम्प्रेशन वाढले की मिश्रण ठिणगीआधी किंवा अनियंत्रितपणे पेटण्याची, म्हणजे नॉकिंगची शक्यता वाढते. सुरुवातीच्या रॅप्टर ७००चे कम्प्रेशन ९.२ : १ होते. ते ११च्या आसपास नेले, तर पंपावरचे वरच्या दर्जाचे पेट्रोल सहसा पुरते. १३ किंवा त्यापुढे गेल्यास शर्यतीचे महागडे इंधन लागते आणि ते वाळवंटाजवळच्या पंपावर मिळेलच असे नाही. येथे आकड्यांचा घोळही होतो. अमिरातीत पंपावर ९१, ९५ आणि ९८ हे ‘रिसर्च ऑक्टेन’चे आकडे असतात, तर अमेरिकेत दोन पद्धतींची सरासरी लिहितात. त्यामुळे कॅलिफोर्नियातील ९१ हे अमिरातीतील ९५-९६च्या बरोबरीचे असते. अमेरिकी विक्रेता पिस्टनसाठी ‘९१ चालेल’ म्हणतो, म्हणून अमिरातीत ९१ भरणे इंजिनाला महागात पडू शकते.

टर्बो आणि नायट्रस कोणासाठी?

उंच टेकडीवर सरळ शर्यत लावणाऱ्यांसाठी. टर्बो हवा दाबून आत ढकलतो, नायट्रस ऑक्साइड जादा प्राणवायू पुरवतो. दोन्हींत उष्णता आणि दाब झपाट्याने वाढतो. मग पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्लच, कूलिंग, इंधनपुरवठा हे सारेच मजबूत करावे लागते. कुटुंबासोबत शनिवार-रविवारी फिरणाऱ्याला त्याची गरज नसते.

मग खर्चाचा क्रम काय असावा?

आधी कम्प्रेशन आणि लीक-डाऊन चाचणी करून इंजिन निरोगी आहे ना, हे पाहावे. झिजलेल्या इंजिनात मोठा कॅम बसवणे म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणे. त्यानंतर फिल्टर, टायर आणि स्प्रॉकेट. मग सायलेन्सर आणि ट्यूनिंग एकत्र. त्यानंतरही ताकद अपुरी वाटली, तर कॅम-पिस्टनची जोडी आणि तिच्यासोबत क्लचच्या कडक स्प्रिंग. सिलिंडर मोठा करणे सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर तेल आणि कूलंट तपासत काही दिवस गाडी चालवून पाहावी.

ताकदीबरोबर जोखीमही वाढते. वाऱ्याच्या आडोशाची टेकडीची बाजू ३० ते ३४ अंश इतकी तीव्र असते आणि चढताना ती दिसत नाही. जास्त ताकदीची गाडी माथ्यावर जास्त वेगाने पोहोचते, थांबायला वेळ मात्र कमी उरतो. पलीकडून कोणी येत असल्यास ते कळावे, म्हणून कॅलिफोर्नियातील इम्पिरियल सँड ड्यून्समध्ये जमिनीपासून आठ फूट उंचीवर झेंडा सक्तीचा आहे. म्हणूनच इंजिनाच्या अंदाजपत्रकात ब्रेक, सस्पेन्शन, हेल्मेट आणि हा झेंडा यांचा खर्च पहिल्या दिवसापासून धरलेला असावा.