छातीतली कळ : त्याची आणि तिची

हृदयविकाराचा झटका म्हटले, की छाती दाबून धरलेला पुरुष आपल्या डोळ्यांपुढे येतो. मग स्त्रियांच्या छातीत दुखत नाही का? अमेरिकेतील १०३ रुग्णालयांमधल्या, पंचावन्न वर्षांपर्यंतच्या रुग्णांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. छातीत दुखल्याचे ८७ टक्के स्त्रियांनी व ८९.५ टक्के पुरुषांनी सांगितले. म्हणजे फरक नाममात्र! मात्र स्त्रियांमध्ये सोबत पोटाच्या तक्रारी, धडधड, जबडा वा मान दुखणे अशी लक्षणे अधिक होती. ‘ताणामुळे असेल’ असे २१ टक्के स्त्रियांना वाटले, पुरुषांपैकी १२ टक्क्यांना. आधीच डॉक्टरांकडे गेलेल्या स्त्रियांपैकी ५३ टक्के म्हणाल्या, की डॉक्टरांनाही हे हृदयाचे दुखणे वाटले नाही. पुरुषांत हे प्रमाण ३७ टक्के होते. रक्त न मिळणारा स्नायू मात्र थांबत नाही. तो मरू लागतो. म्हणून वर्गात हृदय शिकवताना आपण आईच्या छातीतल्या दुखण्याबद्दलही बोलूया.