१८९१ ही मूळ संख्या आहे का? तुलनेचे प्रश्न असे सोडवा

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शासकीय हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, प्रवेश घेतला. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. अभिवादन, व्याख्यान, रॅली व्हावीच. पण सातारा-सांगलीच्या विहारांत त्या दिवशी तासभर गणितही व्हावे.

कारण सरळ आहे. बँक अधिकारी परीक्षेत आणि परदेशी उच्चशिक्षणासाठीच्या जीआरईत तुलनेचे प्रश्न येतात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. पण आधी विद्यापीठात प्रवेश मिळवावा लागतो, आणि काही अभ्यासक्रम जीआरईचे गुण मागतात. ‘गणित आपल्याला जमत नाही’ म्हणून आपली मुले मागे राहिली, तर हक्काची संधी कागदावरच राहते.

प्रश्नाचे स्वरूप

दोन राशी दिलेल्या असतात. जीआरईत उत्तरे चारच: अ मोठी, ब मोठी, दोन्ही समान, किंवा दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही. म्हणजे काम आकडेमोडीचे कमी, तपासणीचे जास्त. एका उदाहरणात अ मोठी आणि दुसऱ्यात ब मोठी निघाली, की उत्तर चौथे. तिथेच थांबा.

मूळ संख्या

जिला १ आणि ती स्वतः असे नेमके दोनच विभाजक असतात, ती मूळ संख्या. म्हणून १ मूळ नाही. २ ही एकमेव सम मूळ संख्या आहे, आणि परीक्षेतला सापळा बहुतेक वेळा इथेच असतो.

उदाहरण: प मूळ संख्या आहे. राशी अ: प ला २ ने भागल्यावर उरणारी बाकी. राशी ब: १. घाईत ‘समान’ असे उत्तर दिले जाते. पण प = २ असेल तर बाकी शून्य. उत्तर चौथे. ‘प हा २ पेक्षा मोठा’ असे दिले असते, तर मात्र समान.

आता आपल्या इतिहासातली दोन वर्षे घ्या. राशी अ: १८९१ चे एकूण विभाजक. राशी ब: १९२७ चे एकूण विभाजक. पाहताक्षणी दोन्ही संख्या मूळ वाटतात. वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे इथे ४३ पर्यंतच्या, मूळ संख्यांनी भागून पाहा. १८९१ = ३१ × ६१ आणि १९२७ = ४१ × ४७. दोन वेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराला नेमके चार विभाजक असतात. म्हणून दोन्ही राशी समान.

असमानता

क्ष हा य पेक्षा लहान आहे. राशी अ: क्ष चा वर्ग. राशी ब: य चा वर्ग. २ आणि ३ घेतले तर ब मोठी. −३ आणि २ घेतले तर ९ विरुद्ध ४, अ मोठी. उत्तर चौथे. म्हणून नेहमी पाच प्रकारचे आकडे घालून पाहा: शून्य, एक, ऋण संख्या, अपूर्णांक आणि मोठी संख्या.

दोन्ही बाजूंत तीच संख्या मिळवली किंवा वजा केली तर तुलना बदलत नाही. ऋण संख्येने गुणले की चिन्ह उलटते. पाचशेचे कर्ज असलेला माणूस तीनशेचे कर्ज असलेल्यापेक्षा गरीब. पण ऋणचिन्ह काढले की पाचशेच मोठे. म्हणून चिन्ह माहीत नसलेल्या क्ष ने कधीही गुणू किंवा भागू नका.

दोन्ही एकत्र

प हा २३ पेक्षा मोठा आणि ३१ पेक्षा लहान आहे. राशी अ: प. राशी ब: २९. प मूळ असेल तर २९ शिवाय पर्याय नाही, म्हणून समान. प नुसता पूर्णांक असेल तर उत्तर चौथे. एका शब्दाने उत्तर फिरते. दिलेली अट नीट वाचणे हाच अर्धा अभ्यास.

विहारातल्या गटासाठी एक प्रश्न

१९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालयही त्याच वर्षीचे. राशी अ: १९१९ चा सर्वांत लहान मूळ विभाजक. राशी ब: १९. उत्तर काढा, आणि ते का बरोबर आहे हे शेजारी बसलेल्या नववीतल्या मुलीला समजावून सांगा. तिला पटले, तर तुम्हाला आले.

जय भीम!