थिजलेला मध नकली असतो का?

सुट्टीहून परतताना बऱ्याच कॅडेटांच्या ट्रंकेत मधाची बाटली असते. थंडी पडली की मध तुपासारखा थिजतो आणि बराकीत लगेच निकाल लागतो : "साखर मिसळलीय, फेकून दे!" आमची शाळा पूर्व राजस्थानात, मोहरीच्या पट्ट्यात आहे. त्यामुळे हा वाद दर हिवाळ्यात ऐकतो. म्हणून मोहरीच्या मधाविषयी थोडे लिहितो.

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात भरतपूर, अलवर, धौलपूर भागातील शेते मोहरीच्या फुलांनी पिवळी होतात. मधपाळ ट्रकमधून पेट्या आणून शेतांजवळ मांडतात. मधमाशी एका फेरीत सहसा एकाच जातीच्या फुलांवर जाते. चहूकडे मोहरीच असेल तर पेटीतला मधही मुख्यतः मोहरीचाच होतो. अशा मधाला एकपुष्पी मध म्हणतात. प्रयोगशाळेत मधातील परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजून तो ओळखतात.

मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन मुख्य शर्करा असतात. फ्रुक्टोज पाण्यात सहज विरघळलेले राहते. ग्लुकोजचे मात्र लवकर स्फटिक होतात. मोहरीच्या मधात ग्लुकोज तुलनेने जास्त, म्हणून तो काही आठवड्यांतच थिजतो. सुमारे १४ अंश सेल्सियसला ही क्रिया सर्वांत वेगाने होते. रंग आधीच फिका. थिजल्यावर तो आणखी पांढुरका दिसतो. याउलट काश्मीरच्या ॲकेशिया मधात फ्रुक्टोज जास्त, त्यामुळे तो बराच काळ पातळ राहतो. आपल्या महाबळेश्वरकडचा जांभळाचा मध गडद आणि किंचित कडसर. जसे फूल तसा मध!

मात्र थिजलेला प्रत्येक मध शुद्धच, असेही समजू नये. पाण्यात तळाशी जाणारा थेंब हाही पुरावा नव्हे; साखरेचा घट्ट पाकही तळाशीच जातो. भेसळीची खात्री प्रयोगशाळेतच होते. पण मध केवळ थिजला म्हणून फेकणे म्हणजे मधपाळाच्या कष्टांवर आणि पालकांच्या पैशांवर पाणी सोडणे.

मग काय करावे? काचेची बाटली, झाकण घट्ट लावून, हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात ठेवा. मध हळूहळू पातळ होतो. थेट गॅसवर तापवू नका. जास्त उष्णतेने त्याचा सुगंध उडतो आणि त्यातील विकरे नष्ट होतात. मी तर तो थिजलेलाच पोळीला लावून खातो. पीटीच्या वेळी तो सांडतही नाही आणि ओघळतही नाही!