टिंबं मोजून घ्या
नाण्यांची पारख : लेखांक ९

ऑनलाइन लिलावात १८६२चा राणी छाप रुपया नेहमीच दिसतो. दोन विक्रेत्यांचे मथळे सारखे, फोटोही वरवर पाहता सारखेच, किमतीत मात्र मोठी तफावत. ही तफावत बऱ्याचदा टिंबांची असते, आणि मथळ्यातली चूकही तिथेच सापडते.

नाण्यावर १८६२ आहे म्हणून ते त्याच साली पाडलं असं समजू नका. १८७४पासून रुपयावर दरवर्षी नवं साल येऊ लागलं; तोवर १८६२ हेच साल चालू राहिलं. मुंबईच्या टांकसाळीने मात्र मागच्या बाजूला बारीक टिंबं द्यायला सुरुवात केली, काही मजकुराच्या वर, काही सालाखाली. या टिंबांवरून नाणं नेमकं कोणत्या वर्षी पाडलं ते कळतं, असं ब्रिटिश नाणेतज्ज्ञ फ्रेड प्रिडमोर यांनी मांडलं. संग्राहक ही टिंबं ०/४, २/० अशी लिहितात. सहसा पहिला आकडा वरच्या टिंबांचा आणि दुसरा खालच्या. घाईत आकडे उलटे पडतात, आणि पुढचा विक्रेता तोच मथळा जसाच्या तसा उचलतो. म्हणून मथळा बाजूला ठेवा, फोटो मोठा करा आणि स्वतः मोजा.

मोजताना कोणता उंचवटा टिंब मानायचा, हीच खरी परीक्षा. साच्यावर गंजाचा खड्डा पडला असेल तर नाण्यावर दाणा उमटतो आणि तो टिंबासारखा भासतो. खरी टिंबं गोल, एकसारख्या आकाराची, ओळीत आणि सारख्या अंतरावर असतात. दाणा वेडावाकडा असतो, कुठेही असतो, कधी अक्षराला चिकटलेला. झिजलेल्या नाण्यावर उलटा घोळ होतो. चारपैकी एक टिंब सपाट होतं आणि ०/४चं ०/३ होऊन बसतं. अशा वेळी मधल्या जागा बघाव्यात. टिंबांमध्ये एकच अंतर दुप्पट दिसलं, तर तिथे काहीतरी होतं. स्कॅनरवर काढलेल्या चित्रात सावलीच नसते, त्यावर भरवसा ठेवून टिंबांचे पैसे मोजू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

राणीच्या पोशाखावरच्या नक्षीवरूनही या रुपयाचे प्रकार पाडतात. पण नक्षी पुसट झाली असेल तर छातीठोकपणे प्रकार सांगणाऱ्या विक्रेत्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं. आणि १८६२ सालाबरोबर ‘एम्प्रेस’ दिसलं, तर पुढे बघायचीच गरज नाही. व्हिक्टोरिया सम्राज्ञी झाल्याची घोषणा १८७७च्या पहिल्या दिवशी झाली.

दुसरी नेहमीची चूक पाचव्या जॉर्जच्या ‘डुकराच्या रुपया’ची. १९११च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील साखळीत हत्ती कोरला होता, तो अनेकांना डुकरासारखा दिसला. तक्रारी झाल्या, नाणी परत घेतली गेली आणि १९१२पासून सोंड ठळक दिसणारा हत्ती आला. नव्या संग्राहकाला इथे सहज चकवता येतं. १९१२ नंतरच्या झिजलेल्या नाण्यावरही सोंड पुसली जाते आणि हत्ती डुकरासारखाच दिसतो, मग मथळ्यात ‘दुर्मीळ पिग रुपी’ येतं. आधी साल वाचा. १९१३ किंवा १९१८ असेल, तर चित्र कितीही डुकरासारखं दिसो, तो डुकराचा रुपया नव्हे.

शंका उरली तर विक्रेत्याला निरोप पाठवून सालाजवळच्या भागाचा, बाजूने तिरका उजेड टाकून काढलेला फोटो मागा. सोबत वजनकाट्यावर ठेवलेल्या नाण्याचाही मागा. रुपया असेल तर काटा ११.६६ ग्रॅमच्या आसपास थांबला पाहिजे. झिजलेल्या नाण्याचं थोडं कमी भरेल. फोटो द्यायला कां कूं करणाऱ्याकडे बोली लावू नका.