क्ष-किरण चित्रांचे सामाईक कोठार

क्ष-किरण चित्राची फिल्म तुम्ही केव्हा तरी उजेडासमोर धरून पाहिली असेल. १८९५ साली जर्मन शास्त्रज्ञ राँटगेन यांनी या किरणांचा शोध लावला. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे ही चित्रे काचेवर वा फिल्मवरच उमटत आली. पण फिल्ममध्ये एक उणीव आहे. ती एका वेळी एकाच जागी असू शकते! शस्त्रक्रियागृहात नेलेली फिल्म वॉर्डातल्या डॉक्टरांना दिसत नाही. ती गहाळ झाली तर चित्र पुन्हा काढावे लागते. म्हणजेच रुग्णाच्या शरीरातून क्ष-किरण विनाकारण आणखी एकदा जातात.

यावर उपाय म्हणजे चित्राचे आकड्यांत रूपांतर करणे. ते कसे? छातीच्या चित्रावर बारीक जाळी टाकली आहे अशी कल्पना करा. तिचे २००० स्तंभ आणि २५०० ओळी धरल्या, तर ५० लाख चौकोन होतात. प्रत्येक चौकोन किती काळा वा पांढरा, हे एका आकड्याने सांगायचे. त्यासाठी बहुधा ४०९६ छटा मानतात. एक आकडा साठवायला २ बाइट जागा धरली, तर एका चित्राला १ कोटी बाइट लागतात. हे आकडे तारेतून क्षणात दूर पाठवता येतात आणि कितीही प्रती काढल्या तरी चित्र पुसट होत नाही.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयाने १९९६ पर्यंत फिल्मला निरोप दिला होता. पुढे २००२ साली इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने संगणकीकरणाची मोठी योजना हाती घेतली. २००७ अखेर गंभीर रुग्णांवर उपचार करणाऱ्या तेथील सर्व रुग्णालय-संस्थांत चित्रे संगणकावर आली.

मग काम संपले का? मुळीच नाही! रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात हलवले, की त्याची चित्रे पुष्कळदा सीडीवर भरून पाठवावी लागत. डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत असा विलंब किती महागात पडेल, याचा विचार करा. चित्रांचे आकडे झाले होते, पण कोठार सामाईक झाले नव्हते. शेजारच्या स्कॉटलंडने मात्र साऱ्या देशासाठी एकच कोठार उभारण्याचा मार्ग धरला.

सामाईक कोठाराला तीन गोष्टी हव्यात. पहिली, यंत्रांची समान भाषा. निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे आपापल्या पद्धतीने आकडे लिहीत, ते दुसऱ्या यंत्राला उमगत नसत. म्हणून अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ व यंत्रउत्पादक यांच्या संघटनांनी मिळून १९८५ साली समान नियम प्रसिद्ध केले. १९९३ पासून ते 'डायकॉम' या नावाने ओळखले जातात.

दुसरी गोष्ट, संरक्षण. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या घातक संगणक-प्रणालीचा फटका इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८१ रुग्णालय-संस्थांना बसला. म्हणून चित्रांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी सुरक्षित ठेवणे अगत्याचे असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे रुग्णाची अचूक ओळख. एकाच नावाची दोन माणसे असली आणि एकाचे चित्र दुसऱ्याच्या नावावर चढले, तर भलत्याच माणसावर शस्त्रक्रिया व्हायची! इंग्लंडमध्ये यासाठी प्रत्येकाला १० अंकी क्रमांक असतो. त्यातला शेवटचा अंक पहारेकऱ्याचे काम करतो. पहिल्या नऊ अंकांना अनुक्रमे १०, ९, ८ असे २ पर्यंत गुणायचे, गुणाकारांची बेरीज ११ ने भागायची आणि बाकी ११ मधून वजा करायची. जे उरेल तो दहावा अंक. उत्तर ११ आले तर ० लिहितात. १० आले तर तो क्रमांक कोणालाच देत नाहीत.

आता वहीत असा एक क्रमांक तयार करा. पहिल्या नऊ अंकांपैकी शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट करा आणि पुन्हा गणित मांडा. पहारेकरी चूक पकडतो की नाही, ते पाहा. आणि तो का पकडतो, याचे कारणही शोधा!